खुंटा हलवून बळकट : पाइल, पुरावा आणि ‘लागला’ हा शब्द



तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याची हयात गेली त्यानं पायाच्या पाइलवर का बोलावं, हा प्रश्न रास्त आहे. पाइल कसे ठोकावेत हे शिकवायला मी उभा नाही. ते इथे बसलेले अभियंते माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं सांगतील. मी एका मजकुराचं वाचन करणार आहे. आपल्याकडे कवितेची समीक्षा होते, कादंबरीची होते, नाटकाची तर फारच होते. पण ज्या मजकुरावर आपली घरं आणि पूल शब्दशः उभे असतात, त्याची समीक्षा कोणी करत नाही. हा मजकूर म्हणजे पाइलसंबंधीचं भारतीय मानक, आय.एस. 2911, आणि त्याच्या आधारानं लिहिली जाणारी निविदांची भाषा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. या मानकात शंकेला जागा ठेवलेली आहे. पण मानकातून निविदेत आणि निविदेतून साइटवर येता येता ती शंका पुसली जाते, आणि जी नुसती खूण होती तिचा पुरावा होऊन बसतो. मराठीत ‘खुंटा हलवून बळकट करणे’ असं आपण म्हणतो. खुंटा ठोकायचा, मग हलवून बघायचा, मग पुन्हा ठोकायचा. आपली आजची पद्धत ठोकते, पण हलवून बघायला विसरते.

ही म्हण नुसती गावरान नाही बरं का. संस्कृत शास्त्रग्रंथांत ‘स्थूणानिखननन्याय’ म्हणून तीच येते. स्थूणा म्हणजे खांब, मेख. कर्नल जेकब यांनी लौकिक न्यायांचा जो संग्रह केला आणि मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानं जो छापला, त्यातही हा न्याय आहे. भाष्यकार एखादा सिद्धांत मांडतात आणि मग स्वतःच त्यावर नवी शंका घेतात. का? तर खांब हलवल्याशिवाय तो घट्ट बसलाय की नाही ते कळत नाही, म्हणून. शंका इथे सिद्धांताची वैरी नाही, सिद्धांत पक्का करण्याचं ते साधन आहे. आजच्या भाषणाचा सगळा जीव या एका न्यायात आहे.

सोलापूरचा ‘लागला’

आता जमिनीवर येऊ. सोलापुरात पाइल ठोकण्याची वेळ सहसा येत नाही. आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, त्याच्याखाली काळा कातळ. दख्खनच्या लाव्ह्याची ही जमीन आहे. त्यामुळे घर बांधताना खड्डा घेतात, काळी माती संपेपर्यंत खाली जातात आणि एका क्षणी मिस्त्री म्हणतो, “साहेब, मुरूम लागला.” की खणणं थांबतं, मालक नारळ फोडतो.

या ‘लागला’ शब्दाकडे जरा बारकाईनं बघा. मिस्त्रीला काय दिसलं? मातीचा रंग बदलला, पहार टणकन वाजली, टिकाव आत जाईना. हे त्यानं पाहिलं. पण ‘लागला’ म्हणताना त्याचा अर्थ असतो की घर पेलेल अशी जमीन आली, आता खाली जायची गरज नाही. हे त्यानं पाहिलेलं नाही, हे त्याचं अनुमान आहे. ‘लागला’ या एका क्रियापदात प्रत्यक्ष आणि अनुमान दोन्ही एकत्र कोंबलेली आहेत.

तो मिस्त्री बहुतेक वेळा बरोबरच असतो, पिढ्यांचा अनुभव असतो त्याच्यामागे. पण दख्खनचा कातळ कसा कुजतो हे ज्यांना माहीत आहे ते सांगतील, की तो कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्यानं सुटतो आणि मऊ मुरमात मधोमध टणक गोटा शिल्लक राहतो. पहार गोट्यावर वाजली तरी ‘लागला’च वाटतं. शिवाय लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये पुष्कळदा लालसर मातकट पट्टा असतो, ‘रेड बोल’ म्हणतात त्याला. म्हणजे वर टणक आणि त्याखाली मऊ. वरच्या थरावर आदळलेल्या पहारीला खालच्या पट्ट्याची वार्ता कुठून लागणार?

काळ्या मातीचं तर विचारूच नका. मे महिन्यात, पारा 42 वर असताना, रानात मेख ठोकून बघा. माती दगडासारखी, भेगा पडलेली. आणि सप्टेंबरात, पाऊस मुरल्यावर, तीच मेख त्याच जागी ठोका. माती तीच, मेख तीच, घण तोच, पण उत्तर वेगळं. म्हणजे मेख जे सांगते ते मातीबद्दल असतं की ऋतूबद्दल?

याच काळ्या मातीसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं ‘अंडर-रीम्ड’ पाइल विकसित केला. भोक घ्यायचं, तळाशी खास अवजारानं ते घंटेसारखं रुंद करायचं, साधारण खोडाच्या व्यासाच्या अडीचपट, आणि मग सळ्या सोडून काँक्रीट भरायचं. ती घंटा अशा खोलीवर ठेवायची, जिथे ऋतूप्रमाणे ओल बदलत नाही. काळ्या मातीत ही खोली सुमारे साडेतीन मीटर धरतात. मला या पाइलचं कौतुक यासाठी वाटतं, की त्याच्या रचनेतच एक प्रश्न विचारलेला आहे: पावसाळ्यात काय होईल? ठोकण्याच्या क्षणी काय होतं एवढ्यावर तो समाधानी नाही. आय.एस. 2911 चा तिसरा भाग याच पाइलचा आहे.

घणाचं उत्तर

आता ठोकलेल्या पाइलकडे वळू. खाडीकाठ, बंदरं, भराव टाकलेली जमीन अशा ठिकाणी वरची माती भार घेत नाही, म्हणून भार खोलवर पोचवावा लागतो. त्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. एक, भोक पाडून माती बाहेर काढायची आणि काँक्रीट भरायचं, तो बोअर्ड पाइल. मुंबईत खाडीचा गाळ आणि त्याखाली कातळ, म्हणून तिथे मोठ्या कामांवर हाच जास्त दिसतो. दुसरा, तयार काँक्रीटचा किंवा पोलादाचा खांब, नाहीतर तळाला शू बसवलेली पोलादी नळी, घणानं ठोकत खाली न्यायची, तो ड्रिव्हन पाइल. यात माती बाहेर निघत नाही, बाजूला दाबली जाते. नळीचा प्रकार असेल तर आत सळ्यांचा पिंजरा सोडून काँक्रीट भरतात आणि नळी वर ओढून घेतात.

बोअर्ड पाइलमध्ये निदान बाहेर आलेली माती बघता येते. ड्रिव्हन पाइलमध्ये काहीच दिसत नाही. तिथे जमीन एकाच भाषेत बोलते: एका घावाला पाइल किती खाली गेला. शेवटच्या दहा घावांत तो समजा 25 मिलिमीटर गेला, तर त्याला ‘सेट’ म्हणतात. ठरलेल्या सेटपेक्षा कमी जायला लागला की ठोकणं थांबवतात. अजिबात जाईनासा झाला तर ‘रिफ्यूजल’, म्हणजे जमिनीनं नकार दिला. आपल्या मिस्त्रीचा ‘लागला’ तो हाच, फक्त आकड्याच्या वेषात.

या आकड्यातून पाइल किती भार घेईल हे काढण्याची सूत्रं आहेत. सगळ्यात गाजलेलं सूत्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं. अमेरिकन रेल्वे अभियंता वेलिंग्टन यांचं, ‘इंजिनिअरिंग न्यूज’ नियतकालिकाच्या नावानं ओळखलं जाणारं. साध्या घणासाठी ते असं: घणाचं वजन गुणिले फुटांतली उंची गुणिले दोन, भागिले इंचांतला सेट अधिक एक. समजा एक टनाचा घण सहा फुटांवरून पडतो आणि एका घावाला पाइल अर्धा इंच जातो. बारा भागिले दीड, म्हणजे सुरक्षित भार आठ टन. किती सुटसुटीत!

पण त्या ‘दोन’मध्ये काय आहे ते बघा. फुटाचे बारा इंच, त्यांना सहाच्या सुरक्षांकानं भागलं की उरतात दोन. आणि खालचा ‘अधिक एक’? घाव घालताना जी ऊर्जा वाया जाते तिचा हा अंदाज, सगळ्या पाइलना आणि सगळ्या मातींना एकच. पुढे अभियंत्यांनी याच सूत्रानं ठरवलेल्या पाइलवर प्रत्यक्ष भार ठेवून पाहिले, तेव्हा सहा म्हणून धरलेला सुरक्षांक कुठे जेमतेम एकच्या आसपास निघाला, तर कुठे वीसच्या आसपास. म्हणजे एकीकडे पैशाची उधळपट्टी आणि दुसरीकडे देवाची कृपा, सूत्र मात्र दोन्हीकडे एकच. 1960 मध्ये स्मिथ यांनी दाखवून दिलं, की घाव पाइलमधून लाटेसारखा प्रवास करतो आणि त्या लाटेचं गणित मांडलं तर बरंच अचूक काही सांगता येतं. आता पाइलच्या डोक्याला सेन्सर लावून ती लाट मोजताही येते. तरीही कितीतरी कामांवर आजही शेवटचे दहा घाव आणि मोजपट्टी हाच आधार असतो.

ओलं सरपण

न्यायशास्त्राचा नेहमीचा दाखला तुम्हाला माहीत आहे. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे आग आहे. धूर हा हेतू, आग हे साध्य, आणि ‘जिथे धूर तिथे आग’ ही व्याप्ती. आता हेच उलटं करून बघा: ‘जिथे आग तिथे धूर’. हे चुकतं. लाल तापलेल्या लोखंडी गोळ्यात आग आहे, धूर नाही. धूर निघायला सरपण ओलं लागतं. हे ओलं सरपण म्हणजे उपाधी. आपण न उच्चारलेली, पण जिच्यावाचून संबंध टिकत नाही अशी अट.

‘जिथे नकार तिथे भारक्षमता’ या वाक्यात अशी ओली सरपणं किती दडली आहेत ते मोजू.

पहिली उपाधी माती. पाण्यानं भरलेल्या चिकणमातीत घाव बसतो तेव्हा पाण्याला निसटायला वेळ मिळत नाही. पाण्याचा दाब वाढतो आणि टोकाशी खोटा कणखरपणा दिसतो. त्याच वेळी बाजूंची माती घुसळली जाऊन निसरडी होते, तिथला खरा आधार कमी दिसतो. काही दिवसांनी पाणी ओसरतं आणि उत्तर बदलतं. चिकणमातीत ते बहुधा वाढतं. दाट बारीक रेतीत आणि काही कुजलेल्या खडकांत ते चक्क घटतंही.

दुसरी उपाधी अडथळा. गोटा, जुना भराव, पातळ टणक थर. नकार खरा असतो, पण तो फक्त त्या गोट्याचा असतो.

तिसरी उपाधी घण स्वतः. पाइलच्या डोक्यावरची लाकडी गादी चेपली आहे का? दोर विंचवर घासून घण सुटा पडतोय की रेंगाळतोय? डिझेल हॅमर पुरता उसळतोय का? घण दमला असेल तरी पाइल कमीच जाणार. म्हणजे जमीन कणखर आहे म्हणून नकार आला की घणात दम नव्हता म्हणून, हे मोजपट्टीला कळत नाही.

आता मानक उघडू. आय.एस. 2911 च्या पहिल्या भागात चार विभाग आहेत. जागेवर ओतलेले ठोकलेले, बोअर्ड, आधी ओतून ठोकलेले, आणि आधी भोक घेऊन बसवलेले पाइल. हे विभाग 2010 मध्ये सुधारले गेले. त्यात सूत्रांविषयीचं कलम जरूर वाचा. तिथे सांगितलंय, की अशी सूत्रं वापरायची ती साइटवरच्या ठोकण्यावर नियंत्रण ठेवायला, आणि तीही त्यांच्या मर्यादा ध्यानात घेऊन. पाण्यानं भरलेल्या गाळाला आणि चिकणमातीला ती थेट लागू नाहीत हेही सांगितलंय, आणि कारण जवळपास मी आत्ता सांगितलं तेच. प्रामाणिक मजकूर आहे. शब्द ‘नियंत्रणा’चा आहे, ‘सिद्धते’चा नाही. नियंत्रण म्हणजे काय? हा पाइल शेजारच्यासारखाच वागतोय का एवढंच बघणं.

मग दोष कुठे आहे? दोष मांडणीत आहे. हे कलम बसवलंय ‘भारक्षमता’ या मथळ्याखाली. मथळा म्हणतो क्षमता, क्रियापद म्हणतं नियंत्रण. घाईत वाचणारा मथळा वाचतो, क्रियापद नाही. दुसरं असं, की ‘मर्यादा ध्यानात घ्या’ म्हटलं, पण कोणी घ्यायच्या, केव्हा घ्यायच्या आणि घेतल्याचं कुठे लिहून ठेवायचं, यावर मौन. कर्ता नसलेलं वाक्य आहे ते. आपल्या सरकारी भाषेची ही जुनी खोड. ‘करण्यात यावे’ म्हणायचं, कोणी ते सांगायचं नाही.

निविदेत ते आलं की उरलीसुरली शंकाही जाते. तिथे ‘अमुक सेट मिळेपर्यंत प्रभारी अभियंत्याचे समाधान होईल अशा रीतीने ठोकावे’ अशा धर्तीचं वाक्य असतं. समाधान! ही मनाची अवस्था आहे हो. कशानं समाधान व्हावं हे लिहिल्याशिवाय समाधान हा पुरावा कसा होईल?

अवयव आणि अवयवी

मानकाचा चौथा भाग भार-चाचणीचा. 1985 चा, 2013 मध्ये सुधारलेला. हा माझा आवडता भाग, कारण इथे खुंटा खरोखर हलवतात. चाचण्या दोन प्रकारच्या. एक, प्रारंभिक: इमारतीचा भाग नसलेला वेगळा पाइल घालायचा आणि अपेक्षित सुरक्षित भाराच्या अडीचपट भार देऊन बघायचं. दुसरी, नित्य चाचणी: प्रत्यक्ष कामातल्या पाइलवर दीडपट भार. साधारणतः 12 मिलिमीटरपेक्षा जास्त खचला की धोक्याची घंटा.

नित्य चाचण्या किती? एकूण पाइलच्या किमान अर्धा टक्का, गरजेनुसार दोन टक्क्यांपर्यंत. दोनशे पाइल असतील तर एक. या एकानं बाकीच्या 199 ची ग्वाही द्यायची. शितावरून भाताची परीक्षा आपण करतो, मान्य. पण शितावरून परीक्षा का चालते? भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो म्हणून, आणि शीत कोणतं उचलायचं हे आधी ठरलेलं नसतं म्हणून. जमिनीचं पातेलं एक नसतं. आणि कोणत्या पाइलची चाचणी होणार हे ठोकणाऱ्याला आधीच माहीत असेल, तर तो पाइल देवाच्या नैवेद्यासारखा निगुतीनं घातला जाणारच. मनुष्यस्वभाव आहे.

याहून खोल अडचण आहे. एक पाइल भार घेतो यावरून सगळ्यांचा समूह घेईल हे ठरत नाही. अवयवाचा गुण अवयवीला आपोआप लागत नाही. एकटा पाइल जमिनीचा छोटासा भाग दाबतो. शेकडो पाइल मिळून एखाद्या मोठ्या ठोकळ्यासारखे वागतात आणि त्यांचा दाब कितीतरी खोल उतरतो.

सॅन फ्रान्सिस्कोचा मिलेनियम टॉवर याचा जगप्रसिद्ध दाखला आहे. 58 मजली काँक्रीटची इमारत, 2009 च्या सुमारास लोक राहायला आले. खाली सुमारे 950 काँक्रीटचे पाइल, साठ ते नव्वद फूट खोल ठोकलेले, दाट रेतीच्या थरात थांबवलेले. कातळ दोनशे फुटांच्याही खाली. मधे जुन्या खाडीची चिकणमाती. 2016 मध्ये बाहेर आलं, की इमारत सुमारे सोळा इंच खचली आहे आणि कलली आहे. दोष कोणाचा यावर कोर्टकज्जे झाले, शेजारच्या बांधकामातल्या पाणी-उपशाकडेही बोट दाखवलं गेलं. नंतर 18 नवे पाइल कातळापर्यंत नेऊन आधार दिला. ते काम चालू असताना 2021 मध्ये कल आणखी वाढला म्हणून काम काही काळ थांबवावंही लागलं.

आता यातला तर्क बघा. रेतीनं घणाला जे उत्तर दिलं ते खोटं नव्हतं. रेती खरंच दाट होती. पण घणानं प्रश्न विचारला होता रेतीला, आणि इमारतीचं भवितव्य होतं रेतीखालच्या चिकणमातीच्या हातात. आपल्या ‘रेड बोल’ची आठवण होते ना? खूण खरी होती, पण ती दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर होती.

असे दुसरे प्रश्न आणखी आहेत. 27 जून 2009 ला शांघायमध्ये एक तेरा मजली, बांधकाम चालू असलेली इमारत अख्खीच्या अख्खी आडवी झाली. एक कामगार गेला. एका बाजूला तळघरासाठी 4.6 मीटर खणलं होतं, दुसऱ्या बाजूला दहा मीटरपर्यंत मातीचा ढीग रचला होता. माती आडवी सरकली आणि पाइल मोडले. उभा भार पेलायला ठेवलेल्या पाइलला आडवा धक्का सोसेल का, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आणि आपल्या शेजारी, कच्छच्या कांडला बंदरातला कस्टम्सचा मनोरा. 32 पाइलवर उभा, प्रत्येक अठरा मीटरचा. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात खालची रेती पाण्यासारखी झाली आणि मनोरा सुमारे तीस सेंटिमीटर कलला. ज्या थरावर भरवसा ठेवला तोच थर हादऱ्यात वेगळा वागला. मेमधली काळी माती आणि सप्टेंबरातली काळी माती, तसंच हे.

दुसरी बाजू

इथे अभियंते मंडळी म्हणतील, “सर, बाहेरून टीका सोपी असते.” त्यांची बाजू मी मांडतो, कारण ती मजबूत आहे.

एक, मानक ही किमान पातळी आहे, शहाणपणाला तिथे मज्जाव नाही. दोन, शंका आली म्हणून आणखी ठोका, हे उत्तर नव्हे. नकार मिळाल्यावरही घाव घालत राहिलं तर काँक्रीटमध्ये ताणाच्या लाटा उठतात, खांब जमिनीखाली तडकतो, आणि तडकलेला पाइल कधी कधी पुन्हा सरसर खाली जायला लागतो. म्हणजे अविश्वास घणानं मिटत नाही. तीन, शेजारी नवा पाइल ठोकला की माती फुगते आणि आधीचा पाइल वर उचलला जाऊ शकतो. म्हणून मधून सुरुवात करून बाहेर सरकत जा, असं मानकच सांगतं. हे सगळं चांगल्या अभियंत्याला पाठ असतं.

मान्य. माझी तक्रार ज्ञान नाही अशी नाहीच. ज्ञान आहे, पण ते एका माणसाच्या डोक्यात आहे, कागदावर नाही. आणि ठोकण्याच्या क्षणी तो माणूस पुष्कळदा रिगजवळ नसतो. तिथे असतो घाव मोजणारा एक पोरगा, खडूनं पाइलवर रेघा मारणारा. सगळ्या इमारतीच्या पुराव्याचा पहिला साक्षीदार तो. सक्षम निरीक्षक नेमा, क्रम, खोली, सेट सगळं नोंदवा असं मानक सांगतं, नमुना तक्तेही देतं. पण त्या नोंदी पुढे कुठे जातात? बिल निघालं की फाइल बंद. घर विकत घेणाऱ्याला लिफ्टचं वॉरंटी कार्ड मिळतं, पायाची नोंदवही मिळत नाही. भिंत तडकली तर दिसते, पाइल पुन्हा कधीच दिसत नाही. नोंदवही हेच त्याचं शेवटचं दर्शन.

म्हणून विनिर्देश लिहिणाऱ्यांपुढे मी चार वाक्यं ठेवतो. पहिलं, सेट लिहाल तिथे शेजारी लिहा की हा आकडा कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे आणि कोणत्या प्रश्नाचं नाही. दुसरं, ठोकलेल्या काही पाइलवर काही दिवसांनी पुन्हा घाव घालून बघा, उत्तर तेच राहिलं का. हेच ते खुंटा हलवणं. तिसरं, नित्य चाचणीचा पाइल ठोकून झाल्यावर निवडा, चिठ्ठी टाकून. चौथं, ‘समाधान’ हा शब्द काढा आणि त्या जागी माणसाचं पद, तारीख आणि कारण येऊ द्या. यातल्या एकाही गोष्टीला नवं यंत्र लागत नाही. लागतो तो शंकेला अधिकृत जागा देण्याचा मोठेपणा.

श्रोत्यांमधून प्रश्न : सर, आमचं सोलापुरातच साधं दुमजली घर चाललंय. पाइल-बिइल काही नाही. आम्ही यातलं काय घ्यायचं?

मिस्त्री ‘मुरूम लागला’ म्हणाला की त्याच्यावर अविश्वास दाखवू नका. मान ठेवून तीन गोष्टी विचारा. एक, “मामा, सगळ्या खड्ड्यांत एकाच खोलीवर लागला का?” एका कोपऱ्यात चार फुटांवर आणि दुसऱ्यात नऊवर लागला असेल, तर चार फुटांचा तो गोटा तर नाही ना, हे बघायला हवं. दोन, “आणखी दोन-तीन फूट पहारीनं टोचून बघू या का?” तीन, “पावसाळ्यात इथं पाणी कुठवर येतं?” आणि मग खड्डा भरायच्या आधी, प्रत्येक खड्ड्यात टेप सोडून मोबाइलवर फोटो काढा, मागे तारीख आणि खोली लिहा, आणि घराच्या कागदपत्रांत ठेवून द्या. इंजिनिअर असेल तर त्याची सही घ्या. उद्या तुमच्या मुलाला वरचा मजला चढवायचा असेल, तेव्हा ‘लागला होता’ एवढ्या ऐकीव गोष्टीवर त्याला चढवावा लागू नये.